जत्रेत गरीब होती, घरी आल्यावर चावते

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलं आहे. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून त्यांनी दोन दाती, कुमैत म्हणजे काळसर तांबड्या रंगाची मारवाडी बछेरी, म्हणजे तरुण घोडी, आणली. बारा वर्षांच्या मुलीचा हट्ट होता आणि स्वतःचीही लहानपणापासूनची हौस होती. यात्रेत बछेरी इतकी गरीब की मुलीने तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. घरी आणून आज बावीस दिवस झाले. गोठ्यापासून थोड्या अंतरावर पत्र्याची शेड आहे, तिथे अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना दोर) लावून बांधली आहे. पहिल्याच आठवड्यात तिने तोंडावरची मोरकी तोडली, गड्याच्या दंडाला चावली, पत्नीवर लाथ उगारली. रात्रभर खिंकाळते आणि पुढच्या पायाने जमीन उकरते. फवारणीच्या दिवशी तर दुगाण्या झाडून पत्रा वाकवला. खाण्यापिण्यात कसूर नाही. विकणाऱ्याने सांगितलं तसा रोज चार किलो हरभरा, गूळ आणि वरून तूप चालू आहे. भाऊ म्हणतो, दोन दिवस उपाशी ठेव, वठणीवर येईल. गावातले जाणते म्हणतात, कपाळावरचा भोवरा वाईट आहे. घोडी शिकवणारा एक चाबुकस्वार महिनाभरात 'मऊ करून देतो' म्हणतो. पत्नीचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. आणि मुलगी रोज शाळेतून आली की शेडच्या दाराशी बसून राहते. ते विचारतात, "माझ्या गळ्यात खोडीचं जनावर मारलं का? ठेवू, विकू की चाबुकस्वाराच्या हवाली करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही जाता जाता लिहून गेलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघा मारत गेले. पत्र्याची शेड, फवारणीचा दिवस, चार किलो हरभरा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलं आहे.

पण आधी त्या फोटोबद्दल बोलू. यात्रेत ती गरीब होती, म्हणजे तिचा मूळ स्वभाव गरीब आणि घरी आल्यावर बिघडला, असं तुम्ही धरून चालला आहात. सारंगखेड्याला ती कशात उभी होती ते आठवा. तापीकाठी जिकडे बघावं तिकडे घोडी. डावीकडे घोडं, उजवीकडे घोडं, समोर पाणी पिऊन येणारी घोडी. घोडं हे कळपाचं जनावर, त्याचं धैर्य शेजारच्याकडून उसनं आणलेलं असतं. शेजारची घोडी कान पाडून डुलकी घेत असेल तर ढोलताशे वाजले तरी आपली बछेरी हलत नाही. शिवाय ती थकलेली होती. यात्रेतली बरीच जनावरं शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेली असतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांनी तोंड उघडून, पाय उचलून बघितलेली असतात. (शांत करणारं औषध टोचून जनावर उभं करण्याचे प्रकारही घोड्यांच्या बाजारात होतात. तुमच्या बाबतीत तसं झालं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी जनावर घेताना दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहा.) तेव्हा यात्रेतली ती शांतता तिच्या स्वभावाची खूण नव्हती. आत्ताचं चावणंही नाही. बावीस दिवसांत तिचा स्वभाव तुम्हाला अजून दिसलेलाच नाही. एक घाबरलेली बछेरी तेवढी दिसली आहे.

घाबरली कशाला, खायला तर तूप घालतोय, असं तुमच्या मनात आलं असेल. तिच्या बाजूने बघा. एका संध्याकाळी टेम्पोत घातलं, रात्रभर धुळे, मालेगाव, चांदवडचा घाट असं हलत आली, उतरली तेव्हा ओळखीचा एकही वास नाही, एकही घोडं नाही. रात्री ती खिंकाळते ते हाक मारणं आहे. कुठून तरी उत्तर येईल म्हणून.

आणि रात्रीचीच एक गोष्ट, जी घोडं ठेवणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. घोडं उभ्याने झोपतं हे आपण शाळेत शिकतो, पण ते अर्धंच खरं आहे. उभ्याने त्याची डुलकी होते. गाढ झोप लागायला त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसातून अर्धा-पाऊण तास का होईना. कळपात हे सोपं असतं. एक आडवं झालं की दुसरं पहाऱ्याला उभं राहतं. एकट्या घोड्याला पहारा देणारं कोणी नसतं, म्हणून नव्या जागी ते आडवं व्हायलाच घाबरतं. तुमच्या बछेरीच्या तर मागच्या पायांनाही दोर आहे. तिच्या अंगावर सकाळी शेणाचे, मातीचे डाग दिसतात का? एका कुशीला कोंडा-काडी चिकटलेली असते का? नसेल तर ती बावीस रात्री नीट झोपलेली नाही. माणूस तीन रात्री झोपला नाही तर घरात कोणाशी धड बोलत नाही.

आता हरभरा. विकणाऱ्याने सांगितलेला खुराक हा विकण्याचा खुराक असतो. अंगावर चकाकी यावी, गिऱ्हाईक समोर आलं की जनावर ताठ मान करून उभं राहावं, यासाठी यात्रेआधी दोन महिने हरभरा, गूळ, तूप, कुणी दूध-अंडीसुद्धा चारतात. तुमच्या बछेरीला दिवसभर उभं राहण्यापलीकडे काम नाही. चार किलो दाण्याचा जोर जाणार कुठे? तो पत्र्यावर निघतो. आणि जोराचं सोडा, पोटाचा धोका मोठा आहे. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आणि घोड्याला उलटी होत नाही. एकदम भरपूर दाणा गेला की पोटशूळ उठतो किंवा खुरं आतून सुजतात. पोटशुळाने चांगली घोडी एका रात्रीत गेलेली मी पाहिली आहेत.

म्हणून आजपासून चंदी, म्हणजे हा दाणा, कमी करत चला आणि आठ-दहा दिवसांत ती एका किलोवर आणा, भिजवून, दोन वेळांत वाटून. गूळ, तूप बंद. त्याऐवजी सुका चारा वाढवा. तीनशे किलोच्या बछेरीला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. कडबा बारीक करून, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास. एकदम टोपलंभर टाकण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं टाका, शेवटचं रात्री झोपण्याआधी. रानात घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतं. तोंड रिकामं राहिलं की ते लाकूड चावतं, मग दोर, मग गड्याचा दंड. पाणी कायम समोर असू द्या, ती रोज पंचवीस-तीस लिटर सहज पिते. मिठाचा खडा टांगा.

तुमच्याकडे गाई आहेत म्हणून हेही सांगते. गाईची गोळी पेंड आणि कोंबडीचं खाद्य तिच्यापासून लांब ठेवा. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिनसारखी औषधं असतात. गाईला ती चालतात, घोड्याचं मात्र हृदय निकामी करतात. सुबाभूळ घातला तर आयाळ-शेपटीचे केस झडतात. बांधाला कण्हेर असेल तर तिच्या तोंडाला लागणार नाही असं बघा, आणि फवारलेल्या वेलींची छाटणी तिच्यापुढे टाकू नका. कोवळी हिरवी ज्वारीही नको.

भावाने सुचवलेला 'उपाशी ठेव' हा उपाय मात्र सरळ विसरा. चंदी कमी करणं वेगळं आणि चारा तोडणं वेगळं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असतं, खाणं थांबलं की तेच पोटाला चरे पाडतं. उपाशी घोडं निमूट दिसतं, कारण त्याच्या अंगात त्राण नसतं. त्राण आलं की हिशोब पुरा करतं.

फवारणीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, पण मी तिथेच सर्वांत जास्त थांबले. या हंगामात द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर दिवसाआड तरी चालतो. तुमच्या कानाला त्याची सवय आहे. घोड्याला त्याचा नुसता आवाज येत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये तो चारी बाजूंनी घुमतो, आणि तिला पळता येत नाही. पळणं हेच घोड्याचं पहिलं शस्त्र. ते काढून घेतलं की उरतात दात आणि लाथ. गडी चावला गेला तो दिवस फवारणीचा होता का, हे फवारणीच्या वहीत बघा. माझा अंदाज आहे की होता.

मग करायचं काय? पहिलं काम कुंपणाचं. चाळीस बाय चाळीस फुटांची मोकळी जागा, बागेपासून जितकी लांब जमेल तितकी, बांबूचे किंवा पाइपचे आडवे दांडे, छातीइतकी उंची. काटेरी तार चुकूनही नको, बुजलेलं घोडं तारेत शिरतं आणि कातडी सोलून बाहेर येतं. आडोशाला एका बाजूला छप्पर. पिछाडी काढून टाका, दिवसभर तिला तिथे मोकळी ठेवा. ब्लोअर चालू करण्याआधी दहा मिनिटं तिच्यापुढे वैरण टाका आणि यंत्र सगळ्यात लांबच्या ओळीपासून सुरू करा. सात-आठ वेळा असं झालं की आवाज आणि वैरण यांची तिच्या डोक्यात गाठ बसते. माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची घोडी आता ट्रॅक्टर सुरू झाला की गव्हाणीकडे जाऊन उभी राहते.

दुसरं काम तुमचं, आणि ते फार कंटाळवाणं आहे. रोज दोन वेळा वीस मिनिटं कुंपणात खुर्ची टाकून बसायचं. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, 'ये ये' म्हणायचं नाही. पेपर वाचा. दोन-चार दिवसांनी ती येऊन पेपर हुंगेल. मग उठून तिरकं, तिच्या खांद्याच्या दिशेने दोन पावलं जा. तिने कान मागे पाडले किंवा मान ताठ केली की तिथेच थांबा. तिने मान खाली सोडली, जबडा हलवला, की तुम्ही वळून दूर जा. हे उलटं वाटेल, पण घोड्याला सर्वांत मोठं बक्षीस म्हणजे दबाव कमी होणं. गुळाचा खडा नव्हे. हातातून गूळ देऊन तर आपण बोटं चावायलाच शिकवतो. हात लावू देईल तेव्हा तोंडाला लावू नका, कपाळालाही नाही. घोड्याला स्वतःच्या कपाळासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. आयाळ संपते तिथे, खांद्यावरच्या उंचवट्यावर खाजवा. घोडी एकमेकींना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. वरचा ओठ लांब करून वाकडा केला की समजा खातं उघडलं. खरारा त्यानंतर, मोरकी त्यानंतर.

दोर कधीही हाताला गुंडाळू नका. हे वाक्य गड्याला, मुलीला, सगळ्यांना पाठ करायला लावा. माळेगावच्या यात्रेतून मी माझं पहिलं शिंगरू आणलं तेव्हा मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवशी एक प्लास्टिकची पिशवी उडाली, शिंगरू उधळलं, दोराचे दोन वेढे माझ्या हाताला होते. उजवी करंगळी आजही सरळ होत नाही. शिंगराचा त्यात काही दोष नव्हता.

भोवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तो केसांचा फिरलेला पुंजका आहे. आपल्याकडे अश्वपरीक्षेची परंपरा मोठी आहे, त्यात शिकण्यासारखंही खूप आहे, पण बाजारात भोवरे मोजायला आलेला माणूस बहुधा किंमत पाडायला आलेला असतो.

चाबुकस्वाराचं तसं नाही. चांगला चाबुकस्वार म्हणजे सोनं, आणि आता ती मंडळी कमी होत चालली आहेत. पण 'महिनाभरात मऊ' या शब्दांनी मला धास्ती वाटली. त्याच्याकडे आधीच असलेली दोन घोडी बघून या. तो तबेल्यात शिरला की घोडी पुढे येतात की भिंतीला लागतात? जिभेवर, तोंडाच्या कोपऱ्यात जखमा आहेत का? त्याचा लगाम हातात घेऊन बोट फिरवा. काटे असतील तर नमस्कार करून परत या. काटेरी लगाम आपल्या देशात १९६५च्या नियमांनुसारच मना आहे, आणि एकदा तोंड फाटलेल्या घोडीला पुन्हा हात लावू द्यायला वर्ष लागतं. माणूस बरा निघाला तर घोडी त्याच्याकडे पाठवू नका, त्याला आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे बोलवा. शिकायचं तिला आहेच, पण तिच्याहून जास्त तुम्हाला आहे. आणि आत्ता नाही, दोन महिन्यांनी.

घाई का नको, ते तुम्ही लिहिलेल्या 'दोन दाती' या शब्दात आहे. घोड्याच्या समोरच्या दुधाच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. दोन दाती म्हणजे मधली जोडी बदललेली, म्हणजे ती अडीच-तीन वर्षांची आहे. या वयात दात हलत असतात, हिरड्या दुखत असतात. ती मोरकी घालू देत नाही त्यात याचाही भाग असू शकतो, म्हणून पशुवैद्यकाला तोंड तपासायला सांगा. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. आज तिच्या पाठीवर बसायचा प्रश्नच नाही. एक वर्षाने हलकं खोगीर, मग हलका स्वार, तोही पंधरा मिनिटं. लांब दोरीवर गरागरा कावा देऊन दमवण्याचा सल्लाही कोणी देईल. कोवळ्या सांध्यांना तो सोसत नाही. तिला हाताने धरून बांधाबांधाने फिरवा, हाच तिचा व्यायाम आणि हीच शाळा.

इथे मला थोडं कटू लिहायचं आहे. पहिल्यांदा घोडं ठेवणारं घर, बारा वर्षांचं मूल आणि पाठीवर कधी कोणी न बसलेली बछेरी, ही जुळणी चुकलीच आहे. शिकणाऱ्या मुलीला शिकलेलं घोडं हवं, आठ-दहा वर्षांचं, ज्याने फटाके, वरात, ट्रॅक्टर सगळं बघून झालंय. पण झालं ते झालं. मुलीला घोडेस्वारी शिकायचीच असेल तर नाशिककडे एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलमध्ये रविवारी पाठवा, हेल्मेट घालून. आणि बछेरीच्या बाबतीत तिला दारातून हाकलू नका, काम द्या. कुंपणाबाहेर बसून ती वही लिहू शकते. आज किती पाणी प्याली, किती वेळा शेण टाकलं, किती वेळ झोपली, कान कधी मागे गेले. तुम्ही लिहिलंय की ती दाराशी बसून राहते. तिने जे बावीस दिवसांत पाहिलं असेल ते घरातल्या कोणीच पाहिलेलं नाही, तिला विचारून बघा. (बछेरीचं नाव तिने 'बिजली' ठेवलंय म्हणे. नाव बदला असं मी सांगणार नाही, पण पुढच्या वेळी 'गोगलगाय' ठेवा.)

सोबतीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याला पैसे लागतात. दुसरं घोडं हा खरा उपाय. तेही तरणंबांड नको, पोक्त, शांत घोडी हवी. बारामती-फलटणकडे मेंढपाळ धनगरांकडे सामान वाहणारी भीमथडी तट्टं असतात. आता त्यांना स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. वय झालेली अशी घोडी कमी पैशांत मिळू शकते आणि ती बिजलीला जे शिकवेल ते तुम्ही, मी किंवा चाबुकस्वार शिकवू शकत नाही. उद्धट बछेरीला पोक्त घोडी एक चावा घेऊन दोन मिनिटांत जागेवर आणते, आणि बछेरीही ते मनाला लावून घेत नाही. ते जमत नसेल तर गाढव. तेही नसेल तर दोन शेळ्या कुंपणात सोडा. गाईंचा गोठा दिसेल अशी जागा दिली तरी फरक पडतो. आज ती पत्र्याकडे तोंड करून उभी आहे.

बिजलीचं आत्ताच आणि नव्या जनावराचं ते आणण्याआधी, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवून रक्त तपासायला द्या. यात्रेत ठिकठिकाणची जनावरं एकत्र येतात. ग्लँडर्स हा रोग घोड्यावरून माणसाला होतो आणि त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या मार्फत होते. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हात न लावता फोन करा. सर्रा हा रोग गोमाश्यांमुळे पसरतो, त्याचीही चाचणी असते. धनुर्वाताची लस घेतली आहे का, ते विकणाऱ्याला विचारत बसू नका, टोचून घ्या. घोड्याइतका धनुर्वात लवकर होणारं दुसरं पाळीव जनावर नाही. पिछाडीच्या दोराने मागच्या पायांना घासलं असेल तर ती जखम आजच बघा. नालबंदाला खुरं तासायला बोलवा, नाल इतक्यात नको.

राहिला पत्नीचा प्रश्न, विकण्याचा. त्या चुकीचं बोलत नाहीत. लाथ त्यांच्या अंगावर आली होती. मोकळी जागा करणं शक्य नसेल, रोज तास-दीड तास देणारं माणूस घरात नसेल, किंवा सोबत कसलीच देता येणार नसेल, तर बछेरी ठेवणं हा हट्ट होईल आणि विकणं हा शहाणपणा. पण मग घोड्यांचं घर असलेल्या माणसाला विका, चावते हे सांगून विका, भाव कमी येईल तो सोसा. वरातीला भाड्याने देणाऱ्यांकडे या वयात देऊ नका. आणि हे सगळं जमणार असेल तर तीन महिने तिला विकायचा विषय घरात काढू नका, चांगल्या दिवशीही नाही आणि वाईट दिवशीही नाही. वाईट दिवस येतील. पंधरा दिवस उत्तम गेल्यावर एखाद्या सकाळी ती पुन्हा कान पाडून उभी राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं पाण्यात गेलं. मुलीची वही उघडा, आदल्या रात्री काय झालं ते बघा. शेजारच्या बागेत लग्नाचा डीजे असेल, पाणी गोठलेलं थंड असेल, नाहीतर कोणीतरी प्रेमाने गूळ चारला असेल.

फाल्गुनात पुन्हा लिहा. त्या पत्रात ती चावते की नाही हे नंतर लिहिलं तरी चालेल, आधी ती आडवी होऊन झोपते का ते कळवा.